कुंडीतला वाफसा

अहिल्यानगरहून करमाळ्यामार्गे सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कर्जत तालुक्यात मिरजगाव नावाचे मोठे गाव लागते. नावाच्या साम्यामुळे एखाद्या श्रोत्यास कृष्णाकाठचे मिरज आठवेल. परंतु पाण्याच्या बाबतीत या दोन गावांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात तहानलेल्या लातूर शहराला आगगाडीने पाणी पोहोचविण्यात आले, ते मिरजेहून. मिरजगाव वसले आहे सीना नदीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. आषाढ-श्रावणातले ढग येथे बहुधा डोक्यावरून नुसते निघून जातात आणि पाऊस पडला तर परतीच्या वाटेवर, भाद्रपद-आश्विनात पडतो. १९७२ सालच्या दुष्काळाने जे जिल्हे होरपळून काढले त्यांत हा जिल्हा अग्रभागी होता. पुढेही टँकरची वाट पाहणारे उन्हाळे या भागाला चुकलेले नाहीत.

अशा गावी फुलझाडाच्या कुंडीला पाणी कसे घालावे, हा प्रश्न कोणास चैनीचा वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. दारी तुळस नाही असे घर येथे क्वचित सापडते. आणि तुळशीच्या सोबतीला मोगऱ्याची, जास्वंदीची किंवा सदाफुलीची एखादी कुंडी असतेच असते. कुंडी म्हणजे कुंभाराकडचीच असते असे नव्हे. तेलाचा रिकामा डबा किंवा कान तुटलेली बादलीही तेवढ्याच मानाने मिरवते. टंचाईच्या काळात टँकरने जे पाणी पुरविले जाते, त्याचे ग्रामीण भागातील सरकारी प्रमाण माणशी दररोज २० लिटर एवढे धरलेले आहे. दहा कुंड्यांना सरसकट एकेक लिटर पाणी ओतणारे घर अशा दिवसांत अर्ध्या माणसाचे पाणी मातीत घालते. एवढे करूनही झाड मरावे, याहून दुसरी हळहळ ती कोणती? आणि झाड मरते, ते पुष्कळदा पाण्यावाचून नव्हे, तर पाण्यानेच मरते.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. चैत्रात कोणीतरी हौसेने मोगऱ्याचे रोप आणतो. शेतातली काळी माती कुंडीत ठासून भरली जाते आणि रोप उन्हात, सर्वांना दिसेल अशा जागी विराजमान होते. दुपारी दोनच्या सुमारास पाने माना टाकतात. घरातल्या कनवाळू माणसाचा जीव कळवळतो, तांब्याभर पाणी ओतले जाते, आणि संध्याकाळी रोप पुन्हा टवटवीत दिसते. पाण्याचा गुण आला, असा निष्कर्ष निघतो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन तांबे ठरून जातात. वास्तविक संध्याकाळी रोप टवटवीत झाले ते ऊन उतरल्यामुळे. कडक उन्हात पाने जेवढे पाणी हवेत सोडतात तेवढे मुळांना त्या वेगाने वर चढविता येत नाही, म्हणून ओल्या मातीतले झाडही भर दुपारी मान टाकते आणि सायंकाळी ती आपोआप उचलते. दोनेक आठवड्यांनी खालची पाने पिवळी पडू लागतात. आता रोप सकाळीही मलूल दिसते. शेजारीण म्हणते, ऊन फार आहे, पाणी वाढवा. पाणी वाढते. महिन्याभरात खोड मातीलगत काळे पडते, आणि घरात सर्वांचे एकमत होते की झाडाला ऊन लागले.

झाडाला ऊन लागले नव्हते. ते बुडाले होते. तहानलेले झाड आणि बुडणारे झाड ही दोन्ही सारखीच दिसतात. दोघांचीही पाने लोंबतात, कारण दोघांच्याही पानांपर्यंत पाणी पोहोचत नसते. पहिल्याच्या मुळांशी पाणी नसते. दुसऱ्याच्या मुळांशी पाणी असते, परंतु ते पिणारी मुळे मेलेली असतात. वरून लक्षण एक आणि आत रोग परस्परविरुद्ध, असा हा पेच आहे. केवळ पानांकडे पाहून पाणी घालणारा माणूस म्हणूनच निम्म्या वेळा बुडत्याच्या तोंडी आणखी पाणी ओततो.

मुळे मरतात का? तर मुळेही श्वास घेतात. पाने प्रकाशाच्या साह्याने अन्न तयार करतात. ते अन्न वापरून वाढायचे आणि पाणी व क्षार शोषायचे तर मुळांना प्राणवायू लागतो. तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून त्यांना मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की प्राणवायूची वाट जवळजवळ बंद होते, कारण हवेतून तो ज्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगानेच तो पाण्यातून पसरतो. अशा कोंडीत कोवळी मुळे थोड्याच दिवसांत गुदमरतात. आणि मेलेल्या मुळांवर, ओल्या मातीत पोहत येणारे सूक्ष्म रोगजंतू तुटून पडतात. त्यांपैकी एकाचे नाव फायटॉप्थोरा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नासवून ज्याने लाखो माणसे अन्नावाचून मारली, तो रोग याच गणगोतातला. अवर्षणाने पडणारे दुष्काळ मिरजगावास ठाऊक आहेत. ओलाव्याने पडलेला तो दुष्काळ होता.

यावरचा उपाय परक्या ग्रंथांत शोधण्याचे कारण नाही. तो शेतकऱ्याच्या एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेल्यावर कुणबी लगेच शेतात पाभर घालीत नाही. तो बांधावर उभा राहतो आणि म्हणतो, अजून वाफसा नाही. चिखल ओसरला पाहिजे, पण जमीन वाळता कामा नये. मोठ्या पोकळ्यांतले पाणी खाली निघून जाऊन तेथे हवा यावी आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून राहावी, अशी ती मधली अवस्था. मूठभर माती दाबली असता लाडू वळला जावा, आणि तो लाडू हातातून सोडताच फुटावा, ही त्याची परीक्षा. लाडू चिकटून राहिला तर ओल जास्त. वळलाच नाही तर कमी. बी रुजते ते या अवस्थेत, आणि मूळ सुखाने राहते तेही या अवस्थेत. शेतजमीन आपला वाफसा पाऊस आणि ऊन यांच्या हिशेबाने स्वतःच साधते. कुंडीतील मूठभर मातीचा वाफसा मात्र घरातल्या माणसाला सांभाळावा लागतो. कुंडीला पाणी घालण्याची सारी विद्या ती एवढीच.

तो आहे की नाही हे ओळखण्यास यंत्राची गरज नाही. बाजारात ओलावा मोजणाऱ्या सळया मिळतात. त्यांतील स्वस्त सळया मातीतील क्षार वाढले तरी ओल वाढली असे सांगतात, तेव्हा त्यांच्या नादी न लागलेले बरे. बोट सर्वांत विश्वासू. दुसऱ्या पेरापर्यंत ते मातीत खुपसावे. वरची माती कोरडी आणि बोटाच्या टोकाला गार ओल लागत असेल तर त्या दिवशी पाणी नको. टोकालाही कोरडे लागले तर पाणी द्यावे. ज्यांना बोट मळवणे जिवावर येते त्यांनी जळून गेलेल्या उदबत्तीची काडी खोवून बाहेर काढावी. ढोकळा शिजला की नाही हे सुरीने पाहतात तसे. काडीला माती चिकटून आली तर आत ओल आहे. मातीच्या कुंडीवर बोटाने टिचकी मारली तर कोरडी कुंडी खणखणते आणि ओली बद्द वाजते. माठ घेताना ज्यांनी टिचकी मारून पाहिली आहे त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. लहान कुंडी असेल तर पाणी घातल्यावर एकदा आणि वाळल्यावर एकदा ती उचलून पाहावी. आठ दिवसांत हाताला वजनाची अशी सवय होते की पुढे कुंडी किंचित कलती केली तरी उत्तर मिळते.

परंतु कुंडी मुळातच सदोष भरलेली असेल तर बोट तरी काय करील? येथे एका फार रूढ समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडे यांचा जाड थर घालावा, म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते खरे नाही. एक साधा प्रयोग घरी करून पाहता येईल. स्पंजाची लांबट वडी पाण्यात बुडवून आडवी धरावी. पाणी ठिबकून थांबले की तीच वडी हळूच उभी करावी. खालच्या टोकातून पुन्हा पाणी गळू लागते. कारण स्पंज जितका उंच, तितके पाणी खाली ओढले जाते. तरी तळाचा काही भाग भिजलेला राहतोच. मातीचेही तसेच आहे. प्रत्येक कुंडीच्या तळाशी निथळून न जाणाऱ्या पाण्याचा एक थर राहतो आणि त्याची उंची माती किती बारीक आहे यावर ठरते. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही. म्हणून खड्यांचा थर घातला म्हणजे तो ओला थर नाहीसा होत नाही. खड्यांच्या उंचीइतका वर, थेट मुळांत सरकतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापराचा तुकडा पालथा ठेवावा, त्यापलीकडे काही नको. भोक मात्र हवेच. भोक नसलेल्या नक्षीदार भांड्यात लावलेले झाड म्हणजे विहिरीत सोडलेले झाड.

आता मातीविषयी. सीनेच्या खोऱ्यातली काळी माती ज्वारीला सोने आहे, कुंडीला नव्हे. तिचे कण अतिशय बारीक. ओली झाली की फुगते, चिकटते आणि हवेची वाट बंद करते. वाळली की आकसते आणि भेगाळते. कुंडीत ती आकसली म्हणजे मातीचा गोळा आणि कुंडीची भिंत यांमध्ये बोटभर फट पडते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली धावते, भोकातून बाहेर येते, आणि पाणी पुरे झाले असे पाहणाऱ्यास वाटते. मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. ज्यांची झाडे खरोखरीच तहानेने मरतात, त्यांच्यापैकी पुष्कळांची अशी, रोज पाणी मिळत असतानाच मरतात. कुंडीसाठी दोन भाग पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे जुने प्रमाण आजही चांगले आहे. काळ्या मातीशिवाय गत्यंतर नसेल तर खत आणि जाड वाळू यांचा हात सढळ ठेवावा. शहरात हल्ली नारळाच्या काथ्याचा भुसा सर्रास वापरतात. तो हलका आणि ओल धरणारा आहे. पण वरून कोरडा दिसला तरी आत पुष्कळ वेळ ओला राहतो, हे ध्यानात ठेवावे.

पाणी घालायचे ते पोटभर. रोज वाटीभर शिंपडून फक्त वरचा थर ओला केला तर मुळे त्या थरातच घुटमळतात आणि पहिल्याच कडक उन्हात भाजतात. म्हणून तांब्या हळूहळू, कडेकडेने फिरवीत ओतावा. एकदम ओतल्यास माती उकरली जाते. भोकातून पाणी झिरपू लागले की थांबावे. दहा इंची कुंडीला यासाठी साधारण पाऊण ते एक लिटर पाणी पुरते. खालच्या ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने काढून दुसऱ्या कुंडीला घालावे. ते तसेच राहू दिले तर तळाची मुळे त्यातच कुजतात; शिवाय डासांची आयतीच सोय होते. फटीतून पाणी पळत असेल, तर बादलीत पाणी घेऊन कुंडी मातीच्या काठापर्यंत त्यात बसवावी. बुडबुडे येत राहतात. ते थांबले की गोळा आतपर्यंत भिजला. मग कुंडी निथळत ठेवावी आणि बादलीतले उरलेले पाणी शेजारच्या झाडांना द्यावे.

केव्हा घालावे, असे विचाराल तर सकाळी. त्यामागे गूढ काही नाही: दिवसभराच्या उन्हाला तोंड देण्यास झाड सज्ज होते, आणि पाने रात्रभर ओली न राहिल्याने बुरशीला वाव मिळत नाही. भर दुपारी पानांवर थेंब पडले तर ते भिंगासारखे होऊन पाने जाळतात, ही समजूत मात्र गुळगुळीत पानांच्या बाबतीत खरी नाही, असे हंगेरीतील संशोधकांना २०१० साली प्रयोगांती आढळले. झाड दुपारी खरोखरीच कोरडे सापडले तर संध्याकाळची वाट पाहत बसू नये. नळी उन्हात पडलेली असेल तर तिच्यातले पहिले कढत पाणी तेवढे सोडून द्यावे.

घड्याळाचा प्रश्न येथे संपतो. पंचांगाचा सुरू होतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन कोरडी पडेल तेव्हा पाणी द्यावे, असे त्यात सांगितले आहे. पहिले दोन नियम काळाचे आहेत आणि तिसरा जमिनीचा. खरे पाहता तिसराच नियम पहिल्या दोहोंच्या पोटात आहे, कारण उन्हाळ्यात दोनदा घालायचे तेही जमीन तेवढ्या वेगाने वाळते म्हणूनच. लोकांनी मात्र पहिला लक्षात ठेवला आणि तिसरा विसरले.

याचा अनुभव गाव सोडून शहरात आलेल्या घरांत विशेष येतो. मिरजगावच्या अंगणात, वैशाखातल्या कोरड्या वाऱ्यात, मातीच्या कुंडीतल्या मोगऱ्याला रोजचा तांब्या लागतोच. माठ ज्या कारणाने पाणी गार करतो त्याच कारणाने मातीची कुंडी अंगातून पाणी गमावते. पुढे मुलगा नोकरीनिमित्त मुंबईस जातो. मागोमाग आई जाते, आणि आईबरोबर तिचा नियमही जातो. तेथे मोगरा प्लास्टिकच्या कुंडीत, सज्जाच्या आडोशाला, हवा समुद्राची, दमट, श्रावणाचे दिवस. कुंडीच्या भिंतीतून थेंबही उडत नाही. तांब्या मात्र रोजचा रोज पडतो. गावी ज्या नियमाने झाड जगले त्याच नियमाने येथे ते मरते, आणि शहराची हवा झाडांना मानवत नाही असा बोल बिचाऱ्या हवेला लागतो. सुनेने बोट बुडवून, आज नको, अहो आई, असे म्हटले तर ती झाडांविषयी निष्काळजी ठरते, हा आणखी निराळा भाग.

प्रत्येक झाडाची तहानही सारखी नसते. जास्वंद पाण्याची भोक्ती. अबोलीलाही ओल प्रिय. सदाफुली थोडक्यात भागवते. बोगनवेलीला सदा तृप्त ठेवले तर ती नुसती पाने काढते. शेवंतीचे मळे नगर-पारनेर भागात आहेत. तिला पावसाळ्यात पाणी तुंबलेले मुळीच चालत नाही, म्हणून संततधारेत तिची कुंडी वळचणीखाली घ्यावी किंवा कलती करून ठेवावी. निवडुंगाच्या जातीची झाडे पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. या साऱ्यांना एकाच दिवशी एकाच मापाने पाणी घालणे म्हणजे घरातल्या तान्ह्या मुलाला आणि पैलवानाला एकच ताट वाढणे होय.

आणि फुले हवी असतील तर पाणी तोडण्याचीही विद्या यावी लागते. कर्जत-श्रीगोंदा भागातल्या लिंबाच्या बागाईतदारास बहार धरणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, कोणताही असो; त्याआधी झाडाचे पाणी काही आठवडे तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. ताणाने वाढ थांबते, पाने थोडी गळतात, झाड अन्न साठविते. आणि मग खत घालून पाणी सुरू केले की झाड एकदम फुलांवर येते. मोगऱ्यालाही हेच लागू पडते. थंडीत त्याचे पाणी कमी करीत न्यावे, जानेवारीच्या अखेरीस फांद्या छाटून माती हलवावी, शेणखत घालावे आणि पाणी पूर्ववत करावे. कळ्या फाल्गुन-चैत्रात लागतात. परंतु शेतातला ताण आणि कुंडीतला ताण एक नव्हे. शेतातल्या झाडाची मुळे खोल ओलीचा शोध घेतात. कुंडीतल्या मुळांना जायला जागाच नसते. म्हणून कुंडीत पाणी पूर्ण तोडू नये. दोन पाण्यांतले अंतर वाढवावे, पाने किंचित मलूल झाली की थोडे द्यावे, पुन्हा थांबावे. कळ्या दिसू लागल्यावर मात्र ताण पडला तर त्याच कळ्या गळतात; त्या दिवसांत वाफसा एक दिवसही मोडू देऊ नये.

पाणी कोणते, हाही प्रश्न मिरजगावी महत्त्वाचा आहे. बोअरचे पाणी बहुधा जड असते. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर धरतो तो त्यातल्या क्षारांचा. पाने शिरांलगत हिरवी आणि मधून पिवळी दिसू लागली तर अशा पाण्यामुळे झाडाला लोह मिळेनासे झाले असण्याचा संभव असतो. मोगरा आणि गंधराज यांत हे विशेष दिसते. क्षार धुऊन काढायचे तर कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्यावे लागते, आणि तेवढे पाणी ओतणे टंचाईत परवडत नाही. पावसाळ्यात कुंड्या दोन-तीन मोठ्या सरींत उघड्यावर ठेवल्या तर हे काम फुकट होते. घरोघरी आलेल्या शुद्धीकरण यंत्रांतून जे टाकाऊ पाणी निघते त्यात मूळच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. ते लादी पुसण्यास वापरावे. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी मात्र झाडांना खुशाल घालावे. साबणाचे, खारट किंवा तेलकट पाणी नको.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत घालून दिली. पाऊस किती पडला ते मोजायचे, माणसांना आणि जनावरांना किती लागेल ते वेगळे काढायचे, आणि उरलेल्यात बसेल तेच पीक घ्यायचे. अंगणातल्या कुंड्यांनाही असा ताळेबंद लावता येतो. कडक उन्हाळ्यात दहा इंची कुंडीतल्या मोगऱ्याला दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर लागते. पाच माणसांच्या घरात तांदूळ-भाजी धुतलेले पाणी जपून धरले तर चार कुंड्या त्यावर सहज निभतात. पिण्याच्या घागरीला हात लावावा लागत नाही. चार निभतात, वीस निभत नाहीत. टंचाईच्या साली वीस कुंड्यांची हौस धरण्यापेक्षा चार झाडे राखून बाकीच्यांची फांदी-बी जपून ठेवणे शहाणपणाचे. त्या चार कुंड्या भिंतीच्या पूर्वेला, दुपारची सावली मिळेल अशा, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. मातीवर वाळक्या पाल्याचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन बोटे थर द्यावा. मातीच्या कुंडीभोवती गोणपाट गुंडाळले किंवा ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरली तर भिंतीतून उडणारे पाणी वाचते.

राहता राहिला परगावी जाण्याचा प्रश्न, कारण मे महिन्याच्या सुट्टीत गेलेली झाडे ही प्रत्येक घराची जुनी हळहळ आहे. घरास कुलूप लावण्यापूर्वी कुंड्यांत काठोकाठ पाणी कोंडून जाणे हा उपाय नव्हे. पहिले चार दिवस झाड बुडते आणि पुढचे आठ दिवस तहानते. त्याऐवजी कुंड्या सावलीत आणाव्यात, झाडावरची फुले व कळ्या खुडाव्यात, आणि पाण्याची बादली कुंडीच्या मातीपेक्षा उंच ठेवून सुती कापडाची जाड वात तिच्या तळापासून कुंडीतल्या मातीत बोटभर खोल पुरावी. देवळात पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून जशी अखंड धार गळते, तशी नव्हे. वातीतून पाणी दिसतही नाही, पण माती मागेल तसे झिरपत राहते. बिनझिलईचे लहान मडके मातीत गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवण्याची रीतही तशीच गुणकारी आहे. चीनमधील इसवी सनापूर्वीच्या शेतीग्रंथात ती वर्णिलेली आहे. दोन्ही उपाय निघण्यापूर्वी चार दिवस लावून पाहावेत, म्हणजे वात किती जाड हवी आणि बादली किती दिवस पुरते याचा अंदाज येतो. आणि शेजाऱ्यांच्या हाती किल्ली देऊन जाणार असाल, तर रोज तांब्याभर घाला, असे सांगू नये. मातीत बोट कसे घालायचे ते एकदा त्यांना समोर उभे करून दाखवावे.